आवाज कमी कर

मिरजेत मेटल, म्हणजे ते जोरदार गिटार-ड्रमवालं रॉक, ऐकणारी मुलगी आपण एकटीच, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मुलगीच कशाला, माणूस म्हणूनसुद्धा एकटीच. कॉलेजात एकदोघांच्या टीशर्टवर मेटॅलिका, म्हणजे माझ्या लाडक्या बँडचं नाव, लिहिलेलं दिसायचं, मी हरखून जाऊन विचारायचे की कुठला अल्बम आवडतो, तर कळायचं की शर्ट मार्केटात स्वस्तात मिळाला म्हणून घेतलाय आणि त्यावर काय लिहिलंय ते वाचलेलंच नाही. तर असो.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे परवा भाचीला कुठल्यातरी कॉन्सर्टचं तिकीट मिळालं नाही, ऑनलाइन रांगेत तीन तास बसून होती बिचारी, रडायच्या बेताला आली. मी तिची समजूत काढायला म्हणून माझी २०११ ची गोष्ट सांगायला लागले आणि पाचव्या मिनिटाला तिने मोबाइल काढला. मग म्हटलं इथेच लिहूया, इथे कोण मोबाइल काढणार, तुम्ही ऑलरेडी मोबाइलवरच आहात.

आधी घराचं सांगते, कारण घर कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आमचं घर म्हणजे जुन्या वाड्यातल्या दोन खोल्या आणि त्यातल्या मोठ्या खोलीचे प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेले दोन भाग. एका भागात मी, दुसऱ्या भागात अण्णा आणि त्यांचा तंबोरा. अण्णा रेल्वेत क्लार्क होते. गाणं रीतसर कधी शिकले नाहीत, पण मिरजेत जन्मलेल्या माणसाला ते लागतंच असं नाही. सतारमेकर गल्ली आमच्यापासून पाच मिनिटांवर, तिथे दुकानांच्या बाहेर वाळत घातलेले भोपळे बघत आम्ही शाळेत जायचो, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला गाणं असतं ते अण्णांनी एकही वर्ष चुकवलेलं मला आठवत नाही. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे घरातलेच कोणीतरी असल्यासारखं बोलायचे. आणि त्यांचा कान! भयंकर. कुकरची शिट्टी झाली की "काळी चार" म्हणणार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर. शेजारच्यांनी नवीन स्कूटर घेतली तर पेढा खाता खाता हॉर्न बेसूर आहे म्हणून सांगणार. आई म्हणायची, यांना लग्नात मंगलाष्टकांना बसवू नका कोणी.

तर अशा घरात १९९८ साली, मी तेरा वर्षांची असताना, पुण्याचा आतेभाऊ सुट्टीत आला आणि जाताना एक कॅसेट विसरून गेला. काळं कव्हर, त्यावर नीट बघितलं तर दिसणारा एक साप. मेटॅलिकाचा १९९१ चा अल्बम, ज्याला सगळे ब्लॅक अल्बम म्हणतात तो. मी लावली. पहिल्या गाण्याला पार्टिशनपलीकडून आवाज आला, "आवाज कमी कर." तिथून पुढे तेरा वर्षं हे वाक्य मी दिवसातून दोनदा तरी ऐकलं असेल. आई स्वयंपाकघरातून, अण्णा पार्टिशनमागून, परीक्षा असली तर दोघं मिळून. टू-इन-वनच्या आवाजाच्या चकतीवर एक ते दहा आकडे होते. माझी चकती दोनवर. घरी कोणी नसलं की तीन.

म्हणजे मी मेटॅलिका सगळी पाठ केली ती दोनवर. ही गोष्ट मला तेव्हा फार मोठी वाटली नाही, पण नंतर इंजिनियरिंगला गेल्यावर ध्वनीबद्दल थोडंफार वाचलं तेव्हा कळलं की हळू आवाजात आपला कानच खालचे सूर कमी ऐकतो, म्हणजे नुसतं सगळं लहान होत नाही, त्यातला खर्ज आधी गायब होतो आणि मधला चिवचिवाट उरतो. जुन्या डेकवर लाउडनेस नावाचं बटण असायचं ते त्याच्यासाठीच, हळू ऐकताना खालचा भाग जरा उचलून द्यायला. आमच्या टू-इन-वनला ते नव्हतं. शिवाय त्याचे स्पीकर पुरणपोळीएवढे पण नाहीत, पुरीएवढे. त्यातून खर्जात वाजणारी बेस गिटार काय डोंबल ऐकू येणार.

गंमत म्हणजे याच बँडचा १९८८ चा जस्टिस फॉर ऑल, तो तर मुळातच बेस नसल्यासारखा केलेला आहे. म्हणजे बेसिस्ट जेसन न्यूस्टेड वाजवतोय, पण मिक्स करताना त्याचा आवाज इतका खाली ढकललाय की ऐकूच येत नाही, जगभरातले फॅन अजून त्यावर भांडतात. आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बस उलटून गेला, त्याच्या जागी हा नवीन आला आणि पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये त्याचं हे असं झालं. आपल्याकडे नवीन सुनेचं होतं तसं. मला मात्र तो अल्बम कधी वेगळा वाटलाच नाही. माझ्याकडे सगळेच अल्बम तसेच वाजायचे!

उलट २००८ चा डेथ मॅग्नेटिक आला तो इतका कचकचीत लाउड करून ठेवलेला की हळू लावला तरी कानाला टोचायचा. सगळे आवाज दाबून दाबून एका उंचीला आणलेले, मग ते मोठे असून मोठे वाटतच नाहीत. लोकांनी गिटार हीरो नावाच्या गेममधून तीच गाणी काढून ऐकली, कारण गेममध्ये ती एवढी दाबलेली नव्हती. म्हणजे आवाज वाढवणं आणि आवाज मोठा असणं यात फरक आहे हे मला त्या अल्बमने शिकवलं, पण मोठा आवाज म्हणजे नक्की काय हे अजून ऐकलेलंच नव्हतं.

अजून एक, मग कॉन्सर्टकडे येते. मी पंधरा सोळाची असताना अण्णांना एकदा पटवायला गेले होते. आमच्या गल्लीत एक काका तंबोऱ्याची जवारी काढायचे, मी लहानपणापासून त्यांच्याकडे बघत बसायचे. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, वरचा भाग कानशीने घासून घासून असा करायचा की तार त्याला हलकीशी चाटत राहील, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणला की एकदम तो झणझणीत गुंजणारा आवाज सुटतो, एका सुरातून वरचे दहा सूर बाहेर पडल्यासारखे. दोरा काढला की तंबोरा मुका. तर मी अण्णांना म्हटलं, हे यांचं गिटार खरखरतंय म्हणून तुम्ही नाक मुरडता ना, ती पण जवारीच आहे, फक्त घोडीवर न करता अँप्लिफायरमध्ये केलीय. सुराला झेपणार नाही एवढं रेटायचं, मग त्याचा माथा कापला जातो आणि त्यातून वरचे सूर फुटतात. आणि पुढचं ऐका, म्हटलं, या खरखरीत गंधार घातला तर सगळा गिचका होतो म्हणून हे लोक तो काढूनच टाकतात, नुसता षड्ज आणि पंचम. पॉवर कॉर्ड म्हणतात त्याला. सा आणि प, बास. तुमचा तंबोरा तरी दुसरं काय वाजवतो?

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. आता आवाज कमी कर."

२०११ मध्ये बातमी आली की मेटॅलिका भारतात येणार. पहिल्यांदाच. तीस वर्षं झाली होती त्यांना तेव्हा, १९८१ चा बँड. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला त्याच सुमाराला पहिली फॉर्म्युला वन रेस होती, तिच्या जोडीने शुक्रवारी २८ ऑक्टोबरला गुडगावला एक शो आणि रविवारी ३० तारखेला बंगलोरला पॅलेस ग्राउंड्सवर दुसरा. मुंबई नाही, पुणे नाही. पुण्यातल्या लोकांनी केवढा शिमगा केला असेल, पण मला काय, मी मिरजेची! मिरजेवरून बंगलोरला आपली राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहेच की, दुपारी बसायचं आणि सकाळी उतरायचं. आयुष्यात पहिल्यांदा मिरजेत असण्याचा फायदा झाला.

पण एकटीला सोडणार कोण. मी सव्वीस वर्षांची, सांगलीत नोकरी करणारी, पण "रात्रीचा कार्यक्रम, परगाव, आणि ती तसली माणसं" यावर काही उत्तर नसतं. शेवटी मामेभाऊ बंड्या कामाला आला. बंड्याला मेटलमधलं ओ की ठो कळत नाही, त्याला फक्त बंगलोर बघायचं होतं आणि त्याचा मित्र तिकडे आयटीत होता म्हणजे राहायची सोय. त्याने दोन तिकिटं काढली आणि मला एक अक्षर बोलला नाही. भाऊबीज त्या वर्षी नेमकी २८ तारखेला. मी ओवाळलं आणि त्याने तबकात पाकीट टाकलं, मला वाटलं पाचशे एक. उघडून बघते तर काय! त्या क्षणी त्याला परत एकदा ओवाळला असता मी.

आणि त्याच रात्री नऊ साडेनऊला बंड्याच्या मित्राचा फोन की गुडगावचा शो झालाच नाही. स्टेजसमोरचं बॅरिकेड टिकेना, लोकांच्या जिवाला धोका म्हणून आधी उद्यावर ढकलला, मग रद्दच केला. लोक एवढे भडकले की स्टेजवर चढून सामानाची मोडतोड केली, आयोजकांपैकी काहींना पोलिसांनी धरलं. टीव्हीवर सगळं दाखवत होते आणि नेमकं आई समोर बसलेली. मी पटकन चॅनल बदललं. झोप कसली लागते, रात्रभर मी तो छोटा नोकिया घेऊन फेसबुक उघडायला बघत होते, एक पान उघडायला सात मिनिटं. आता बंगलोरचंही रद्द होणार, दिवाळीत गाडी फुल्ल, आपली तिकिटं आरएसी, सगळं मुसळ केरात. सकाळी कळलं की बंगलोरचं होणार आहे. निदान अजून तरी रद्द नाही.

निघताना आईने चकल्या, चिवडा, कडबोळी असा अर्धा किलोचा डबा दिला आणि कानात घालायला कापूस दिला. खरंच. पुडी करून. अण्णा स्टेशनवर सोडायला आले, गाडी आली तेव्हा एकदम म्हणाले, "खाँसाहेब पण असेच दक्षिणेत गेले होते गाडीने. वाटेत बरं वाटेना म्हणून एका स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. सदतीस साली." आता हे काय निघताना सांगायचं असतं का! पण अण्णांची काळजी करण्याची पद्धत तशीच.

बेळगावला संध्याकाळी कुंदा घेतला, धारवाड येईपर्यंत संपवला. डब्यात लोंढ्यापासून काळे टीशर्ट दिसायला लागले, हुबळीला तर चार जण चढले, एकाच्या पाठीवर पूर्ण मास्टर ऑफ पपेट्स अल्बमचं कव्हर. मी वरच्या बर्थवरून बघतेय. सांगू का, तेव्हाच माझं अर्धं काम झालं होतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा तसा शर्ट घातलेला माणूस मी बघत होते ज्याला शर्टावर काय लिहिलंय ते माहीत होतं.

पॅलेस ग्राउंड्स म्हणजे बंगलोरच्या राजवाड्याचं मोकळं मैदान. इथेच २००७ ला आयर्न मेडन हे दुसरे मेटलवाले येऊन गेले होते. आम्ही दुपारीच पोचलो. पाऊस पडून गेलेला, चिखल असा की पंढरपूरच्या रस्त्याला पण तेवढा नसेल, माझी एक चप्पल, हो मी चप्पल घालून गेले होते, हसू नका, पहिल्या अर्ध्या तासातच गेली. दुसरी मी स्वतःच काढून टाकली. पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली आणि आत पाण्यासाठी एवढी रांग की नको ते पाणी. चकल्या मात्र वाचल्या, सिक्युरिटीवाल्या बाईने डबा उघडला, वास घेतला, एक चकली उचलली आणि जा म्हणाली.

आधी दोन आपले बँड होते, दिल्लीचा गिलोटीन आणि बंगलोरचा इनर सँक्टम, मग स्कॉटलंडचा बिफी क्लायरो. बिफी क्लायरो चांगला बँड आहे हो, पण तेव्हा त्यांचं कोण ऐकतंय, मांडवात नवरदेव यायच्या आधी सनईवाल्याकडे कोण बघतं तसं. मला फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. उंची पाच फूट एक इंच. बंड्या बिचारा माझ्यामागे दोन्ही हात पसरून उभा, बस स्टँडवर बॅगा राखतो तसा.

तेवढ्यात माझ्या पुढचा एक धिप्पाड माणूस वळला आणि आमचं मराठी ऐकून म्हणाला, "कुठलं ओ तुमी?" मिरज म्हटल्यावर त्याने अशी आरोळी ठोकली! इचलकरंजीचे होते, तिघं, मोटारसायकलवरून आलेले. मोटारसायकलवरून, बंगलोरला! त्यांच्या घरचा यंत्रमागाचा धंदा. मी विचारलं मेटल कसं काय ऐकायला लागलात, तर म्हणाला, "ताई, आमच्या घरात चोवीस तास डबल बेस चालूच असतोय. माग बंद पडला की आमचं लहान पोरगं झोपेतनं उठून बसतंय." (डबल बेस म्हणजे दोन्ही पायांनी धडाधड वाजवायचा मोठा ड्रम, बेस गिटार नव्हे.) मग त्यांनी मला पुढे घेतलं, स्वतः तिघं मागे कडं करून उभे राहिले, आणि मला पहिल्यांदा स्टेज दिसलं. डब्यातल्या चकल्या तिथे संपल्या.

लाइट गेले. मेटॅलिकाच्या शोला सुरुवातीला स्टेजवर कोणी येत नाही, आधी एन्नियो मॉरिकोनेची ती वेस्टर्न पिक्चरमधली धून लावतात, पडद्यावर तो कब्रस्तानातला सीन, १९८३ पासूनची पद्धत आहे त्यांची. मला हे माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं, कुठलं गाणं कुठे संपतं, कुठे ड्रम थांबतात. आणि मग पहिल्या गाण्याचा, क्रीपिंग डेथचा, पहिला आघात झाला आणि मला काहीच माहीत नाही हे कळलं.

म्हणजे कसं सांगू. आवाज कानात आलाच नाही आधी. आधी तो पायातून आला, अनवाणी होते ना, चिखलातून पोटरीत, मग बरगड्यांत, आणि सगळ्यात शेवटी कानात. माझा श्वास खरंच एक सेकंद अडकला, कारण छातीतली हवा माझी राहिलीच नव्हती, ती त्या ड्रमच्या मालकीची झाली होती. बेस गिटारच्या जाड तारेची एक लाट हवेत साधारण आठ मीटर लांब असते, ती पुरीएवढ्या स्पीकरात कुठून मावणार होती? मी तेरा वर्षं हत्ती चित्रात बघत होते, तोही पोस्टाच्या तिकिटावर, आणि आता तो येऊन माझ्यावर बसला होता.

दुसरं गाणं फॉर हूम द बेल टोल्स. त्याच्या सुरुवातीला जे केकाटल्यासारखं वाजतं ते मी कितीतरी वर्षं गिटार समजत होते. ती क्लिफ बर्टनची बेस गिटार आहे, त्याने तिलाच एवढी जवारी लावलेली की ओळखू येत नाही. हे वाचून माहीत होतं, पण त्यांचा आत्ताचा बेसिस्ट रॉबर्ट ट्रुहियो तिथे गुडघ्यात वाकून खेकड्यासारखा चालत ते वाजवतोय आणि त्याच्या बोटाच्या प्रत्येक आघाताला माझ्या पोटात हलतंय, तेव्हा पटलं. पुढे वन आणि ब्लॅकन्ड झालं, दोन्ही त्या बेस नसलेल्या अल्बममधली. ब्लॅकन्ड तर त्या अल्बममधलं एकुलतं एक गाणं ज्यावर बिचाऱ्या न्यूस्टेडचं नाव आहे आणि त्यातच तो ऐकू येत नाही. इथे बेस धो धो. मी बंड्याला ओरडून सांगतेय, "ऐक, ऐक, हे याच्यात नाहीये! हे रेकॉर्डमध्ये नाहीये!" बंड्याला काही ऐकू येत नव्हतं. त्याने कानात आईचा कापूस घातला होता.

मधे चिखलात धक्काबुक्की, मॉश पिट म्हणतात ते, आमच्या डाव्या हाताला चालू होतं. बाहेरून मारामारी वाटते. पण एक पोरगं पडलं की सहा हात त्याला उचलायला, कोणाचा तरी चष्मा पडला तर आठ दहा जण गोल करून वाकून चिखल चाचपतायत आणि वर ड्रमर लार्सचं डबल बेस मशीनगनसारखं चाललंय. चष्मा सापडला. एक काच नव्हती, पण त्याने तसाच घातला आणि परत घुसला.

मला सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर ओरायन. त्याला शब्दच नाहीत, नुसतं वाजवणं, आठ मिनिटांच्या वरचं, क्लिफ बर्टनचं म्हणून ओळखलं जाणारं. आपल्याकडे शब्द नसलेल्या गाण्याला लोक पाणी प्यायला जातात. इथे मधला तो संथ भाग आला, बेस एकटा सुरू होतो आणि मग त्यावर गिटार चढतात, आणि आजूबाजूचे लोक ती गिटार गायला लागले. शब्द नाहीत तर काय झालं, नुसतं ओ ओ ओ करून, एकेक जागा, एकेक वळण, अगदी मींड पण. इचलकरंजीचा तो धिप्पाड माणूस डोळे मिटून गात होता, बेसूर होता, अण्णा असते तर उठून गेले असते. मी पण गात होते. मला वाटायचं ती गिटार मी एकटी गुणगुणते, भांडी घासताना, हळू आवाजात. म्हणजे इतके सगळे लोक आपापल्या घरी भांडी घासताना हेच करत होते?

रडले का? हो रडले. चिखल होता तोंडावर, कोणाला कळलं नाही.

नथिंग एल्स मॅटर्सला मी मोबाइल काढून रेकॉर्ड केलं, दीड मिनिट, मेमरी तेवढीच होती. आता बघितलं तर त्यात एक हात, एक पिवळा ठिपका आणि बंड्याचा कान दिसतो. शेवटी सीक अँड डिस्ट्रॉयला मैदानावरचे सगळे लाइट लावले आणि पहिल्यांदा मी मागे वळून बघितलं. शेवट दिसेना. सगळे चिखलाने एका रंगाचे झालेले.

त्यानंतरचं थोडक्यात. रिक्षावाल्यांनी आमचे कपडे बघून नाही म्हटलं, चालत गेलो, मी अनवाणी. रात्रभर कानात शिट्टी, दुसऱ्या दिवशी पण, तिसऱ्या दिवशी कुठे थांबली. हे काही चांगलं नसतं बरं का, लार्सच्या स्वतःच्या कानात कायमची ती शिट्टी बसलीय, त्यानेच सांगितलंय कितीदा. भाचीला मी हेच सांगणार होते की नीट इयरप्लग घेऊन जा, कापूस नको, कापसाने काही अडत नाही. (बंड्याच्या बाबतीत अडलं, पण त्याला मुळात ऐकायचंच नव्हतं.) आणि त्याच आठवड्यात या लोकांचा लू रीड या गायकाबरोबरचा लुलू नावाचा अल्बम बाजारात आला, त्याबद्दल न बोललेलं बरं.

मंगळवारी मिरजेला उतरलो. आई आधी पायांकडे बघून ओरडली. आंघोळ, झोप, मग संध्याकाळी अण्णा पेपर वाचत होते तिथे मी जाऊन बसले. ते काही विचारेनात, मी काही सांगेना. शेवटी मी मोबाइल काढला आणि ती दीड मिनिटाची क्लिप लावली. आवाज फाटलेला, लोकांचा कालवा, पण मधे गिटार येतं ऐकू. अण्णांनी चष्मा काढला. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. म्हणाले, "परत लाव." परत लावलं.

"हे त्या तुझ्या काळ्या कॅसेटमधलंच ना? हळू सुरू होतं ते?"

"हो."

"त्यात पांढरी तीन होती. हे काळी दोनला लावलंय. अर्धा स्वर उतरवलाय यांनी." थोडं थांबून म्हणाले, "गळा चढत नसेल आता त्या गाणाऱ्याचा. वय होतं."

मी त्या रात्री सात मिनिटांचं एक पान असं करत करत शोधलं. खरंच. नव्वदीच्या मध्यापासून हे लोक लाइव्ह वाजवताना सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून लावतात. मी तेरा वर्षं त्यांची फॅन, मला माहीत नव्हतं.

पण ते नंतर. त्या क्षणी मी नुसती अण्णांकडे बघत राहिले. म्हटलं, "अण्णा, तुम्हाला काय माहिती कॅसेटमध्ये पांढरी तीन आहे ते?"

"पार्टिशन प्लायवूडचं आहे अगं," म्हणाले, आणि चष्मा लावून परत पेपर उघडला.